‘त्याला काहीच कसं वाटत नाही?’ : मुलांमधली सीयू लक्षणं मोजताना पडणारे प्रश्न

मुलांच्या वागण्याबद्दल येणाऱ्या पत्रांत एक वाक्य वारंवार असतं: चूक केली त्याचं एवढं नाही, पण नंतर त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, त्याची भीती वाटते. मानसशास्त्रात अशा लक्षणांना ‘कॅलस-अनइमोशनल’ म्हणतात, थोडक्यात सीयू. अपराधी न वाटणं, दुसऱ्याच्या दुःखाने न हलणं, आपल्या अभ्यासाची-कामाची फिकीर नसणं आणि भावना वरवरच्या असणं, या चार गोष्टी त्यात येतात. त्या मोजायच्या प्रश्नावल्या आता मोबाइलवर कुणालाही सापडतात आणि त्यातून निघालेले आकडे आमच्याकडे पत्रांतून येतात. म्हणून या वेळी फक्त मोजमापाबद्दलचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. धाकट्या बहिणीचं बोट दारात चेमटलं, ती किंचाळत होती आणि हा टीव्हीसमोरून हलला नाही. आजोबा गेले तेव्हाही रडला नाही. इंटरनेटवर २४ प्रश्नांची चाचणी मिळाली, ती मी भरली. ७२ पैकी ३८ आले. तो मोठेपणी गुन्हेगार होणार का? (एक आई, पुणे)

नाही. ३८ या आकड्यातून असं भाकीत निघत नाही. तो ज्या पद्धतीने काढला गेला, ते पाहता मुलाच्या आजच्या स्थितीबद्दलही त्यातून फारसं कळत नाही.

तुम्ही भरलीत ती बहुधा आयसीयू, म्हणजे इन्व्हेंटरी ऑफ कॅलस-अनइमोशनल ट्रेट्स. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फ्रिक यांनी २००४ मध्ये ती तयार केली. २४ विधानं, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते ७२. ‘अमुक गुणांच्या वर म्हणजे विकार’ अशी सगळीकडे मान्य झालेली रेषा या प्रश्नावलीला नाही. संशोधकांनी वयानुसार, आवृत्तीनुसार, देशानुसार निरनिराळ्या रेषा सुचवल्या आहेत. त्यातली एखादी उचलून आपल्या मुलावर लावणं चुकीचं आहे.

निदानाची वाट वेगळी आहे. डीएसएम-५ या २०१३ च्या निदानपुस्तिकेत सीयू लक्षणं हा स्वतंत्र आजार नाही, वर्तनविकाराच्या निदानाला जोडायचा तो एक शेरा आहे. म्हणजे आधी वर्तनविकार ठरला पाहिजे: मारहाण, धमकावणं, प्राण्यांना छळणं, आग लावणं, चोरी, घरातून पळून जाणं अशा १५ वागणुकींपैकी किमान ३ गेल्या १२ महिन्यांत आणि त्यातली किमान एक गेल्या ६ महिन्यांत. मग वर सांगितलेल्या चार लक्षणांपैकी किमान दोन, १२ महिने टिकून, एकाहून जास्त नात्यांत आणि ठिकाणी दिसली पाहिजेत. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. दोन प्रसंग आहेत, दोन्ही घरातले. त्यातला एक तर मृत्यूचा. नऊ वर्षांची पुष्कळ मुलं अंत्यसंस्काराच्या दिवशी खेळत असतात आणि दोन महिन्यांनी झोपताना एकदम आजोबांबद्दल विचारतात.

आता करायचं ते. चार आठवडे एका वहीत नोंदी ठेवा. कुणाला लागलं किंवा कोण रडलं, पहिल्या मिनिटात मुलाने काय केलं, तासाभराने काय केलं, आणि सगळं शांत झाल्यावर तुम्ही विचारलंत तेव्हा काय म्हणाला. ‘दगडासारखा बसला’ असं लिहू नका. टीव्हीचा आवाज वाढवला का, खांदे आखडले होते का, बहिणीकडे एकदा तरी पाहिलं का, ते लिहा. काही मुलं दुसऱ्याच्या वेदनेने इतकी घाबरतात की तिकडे बघतच नाहीत. बाहेरून ते बेफिकिरीसारखं दिसतं, आतून नेमकं उलट असतं. त्याने माया दाखवली असे प्रसंगही तितक्याच काटेकोरपणे टिपा. मुद्दाम इजा करणं, प्राण्यांना छळणं, दुखावल्यावर त्यात मजा वाटणं असं काही वारंवार दिसलं, तर वही घेऊन बालमानसतज्ज्ञाकडे किंवा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा, पुढे कुठे जायचं ते कळेल.

प्रश्न : मी शाळेत समुपदेशक आहे. एकाच मुलाचा आयसीयू फॉर्म मी आणि माझ्या सहकाऱ्याने तपासला, तर १४ गुणांचा फरक आला. गुणांकन नेमकं कसं करतात? (नाशिक)

फरक बहुतेक उलट्या विधानांमुळे आला आहे. आयसीयूतली निम्मी विधानं चांगुलपणाची आहेत (दुसऱ्याला दुखावलं तर माफी मागतो, अशा धाटणीची) आणि निम्मी कोडगेपणाची. चांगुलपणाच्या १२ विधानांचे गुण उलटवावे लागतात: मुलाने ३ वर खूण केली असेल तर ०, २ असेल तर १, १ असेल तर २, ० असेल तर ३. उलटवायची विधानं १, ३, ५, ८, १३, १४, १५, १६, १७, १९, २३ आणि २४ क्रमांकांची. तुमच्या हातातल्या आवृत्तीतला विधानांचा क्रम हाच आहे ना, हे आधी पडताळा. एक विधान उलटवायचं राहिलं तर एकूण गुण १ ने किंवा ३ ने चुकतो. अशी सहा राहिली तरी १४ चा फरक पडू शकतो.

न उलटवता बेरीज केली तर काय होतं पाहा. अत्यंत मायाळू मूल चांगुलपणाच्या १२ विधानांना ३ आणि कोडगेपणाच्या १२ विधानांना ० देईल. बेरीज ३६. अत्यंत कोडगं मूल बरोबर उलट करेल. त्याचीही बेरीज ३६. ज्या दोन मुलांना वेगळं ओळखायला ही प्रश्नावली आहे, ती दोघं एकाच आकड्यावर येतात.

याच आकड्याचा दुसरा सापळा आणखी वाईट, कारण तो नीट उलटवूनही राहतो. कंटाळलेलं मूल प्रश्न न वाचता सगळीकडे ० वर खुणा करतं. नीट उलटवून बेरीज केलीत की ३६ येतात. सगळीकडे १ केलं तरी ३६, २ केलं तरी ३६, ३ केलं तरी ३६. आणि ३६ हा सामान्य मुलांच्या मानाने बराच चढा गुण असतो. म्हणून एकूण ३६ च्या आसपास आले की आधी कागद हातात घ्या आणि खुणा एका उभ्या ओळीत पडल्या आहेत का पाहा. तशा असतील तर तो फॉर्म बाद. मूल थकलेलं नसेल अशा वेळी, शेजारी बसून, पुन्हा भरून घ्या.

दुसरं कारण आवृत्तीचं असू शकतं. मूळ प्रश्नावली २४ विधानांची आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बालगुन्हेगारांवर झालेल्या अभ्यासात दोन विधानं (२ आणि १०) इतरांशी जुळत नाहीत असं दिसलं, तेव्हापासून बरेच जण २२ चीच बेरीज करतात. तिची कमाल ६६ होते. १२ विधानांची छोटी आवृत्तीही आहे, तिची कमाल ३६. अहवालात नुसतं ‘आयसीयू ३१’ लिहू नका. किती विधानांची आवृत्ती, कोणी भरली आणि कोणत्या तारखेला, एवढं हवंच.

तीन उपगटही काढतात: कोडगेपणा (११ विधानं), बेपर्वाई (८) आणि भावना न दाखवणं (५). बेपर्वाईची आठच्या आठ विधानं चांगुलपणाच्या भाषेत आहेत, म्हणजे सगळी उलटवायची. कोडगेपणाची एक सोडून सगळी सरळ. त्यामुळे हे दोन खरोखर वेगळे गुणधर्म आहेत की विधानांच्या सरळ-उलट मांडणीमुळे वेगळे दिसतात, हा वाद संशोधकांत अजून मिटलेला नाही. तिसरा उपगट सर्वांत कच्चा. लाजाळू, उदास, घाबरलेलं, मोठ्यांसमोर भावना दाखवू नयेत असं शिकलेलं, अशा कुठल्याही मुलाचे गुण त्यात चढतात. आमचं मत स्पष्ट आहे: एकूण गुण बघा, उपगटांवरून निर्णय घेऊ नका, आणि एकूण गुण फक्त या पाच विधानांमुळे चढला असेल तर तो सीयू समजू नका.

एक-दोन उत्तरं रिकामी राहिली तर त्याच उपगटाच्या सरासरीने भरता येतात. त्याहून जास्त राहिली तर पुन्हा विचारा. आणि फॉर्म भरताना आई खुर्चीमागे उभी नको.

प्रश्न : एम.ए.ला आहे. केस स्टडीतल्या १३ वर्षांच्या मुलाचे आयसीयू गुण असे: आईने भरलेले ४१, वर्गशिक्षिकेने ३४, त्याने स्वतः १९. सरासरी ३१ धरावी का? (नागपूर)

सरासरी काढू नका. ३१ हा आकडा कुणीच दिलेला नाही. आई, शिक्षिका आणि मूल यांच्या उत्तरांत फारसं एकमत नसणं हे सगळ्याच वर्तनमापनात नेहमीचं आहे. शिक्षिका त्याला चाळीस जणांत पाहते, आई घरात पाहते आणि कदाचित त्याच्यावर रागावलेलीही आहे. पश्चात्ताप वाटतो की नाही हे मात्र आतलं आहे, ते काही अंशी त्यालाच ठाऊक.

तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि विधानागणिक वाचा. आई आणि शिक्षिका दोघींनी जिथे २ किंवा ३ दिले आहेत (उलटवल्यानंतर) त्या विधानांना खुणा करा. त्यातली अभ्यासाबद्दलची किती, माणसांबद्दलची किती? समजा नऊ विधानांवर दोघींचं एकमत आहे आणि त्यातली सहा अभ्यास, वेळ पाळणं, मेहनत यांबद्दलची आहेत. मग पहिला संशय सीयूचा नाही, वाचन-लेखनातल्या अडचणीचा किंवा एडीएचडीचा (लक्ष टिकवणं आणि एका जागी बसणं अवघड जाण्याचा) घ्यावा. वर्षानुवर्षं लाल शेरे मिळालेलं मूल ‘मला काही फरक पडत नाही’ म्हणायला शिकतं. शिक्षिकेला ती बेपर्वाई वाटते.

प्रश्नावली इथपर्यंतच नेते. पुढे मुलाखत लागते. त्यासाठी फ्रिक यांनीच केप, म्हणजे क्लिनिकल असेसमेंट ऑफ प्रोसोशल इमोशन्स, हे साधन केलं. त्यात तज्ज्ञ मुलाशी आणि त्याला नीट ओळखणाऱ्या माणसाशी वेगवेगळं बोलतो, कागदपत्रं पाहतो आणि चार लक्षणांना प्रत्येकी ०, १ किंवा २ देतो. २ म्हणजे लक्षण ठळकपणे लागू. किमान दोन लक्षणांना २ मिळाले तरच शेरा लागू. प्रश्न विचारताना ‘तुला वाईट वाटतं का?’ यावर थांबलात तर ‘हो’ किंवा ‘नाही’ मिळेल आणि दोन्ही निरुपयोगी. शेवटचं कधी वाईट वाटलं, कुणाबद्दल, मग तू काय केलंस, पकडला गेला नसतास तरी वाटलं असतं का, असं एकेक पायरी उतरत जा. ‘बाबा मारतील म्हणून वाईट वाटलं’ ही शिक्षेची भीती आहे. ‘तो पडला तेव्हा त्याचा चष्मा फुटला, त्याच्या आईकडे पैसे नव्हते’ असं सांगणाऱ्या मुलाला समोरचा माणूस दिसलेला आहे.

पीसीएल-वायव्ही (सायकोपथी चेकलिस्ट : यूथ व्हर्जन) हे नाव तुमच्या वाचनात येईल. १२ ते १८ वयासाठी, २० मुद्द्यांचं, २००३ चं साधन. लांब मुलाखत, पूर्ण फाइल आणि खास प्रशिक्षण याशिवाय ते वापरायचं नसतं. केस स्टडीसाठी त्याला हात लावू नका.

प्रश्न : हुशार मुलगा सरळ खोटी उत्तरं देणार नाही का? (सोलापूर)

देऊ शकतो, आणि आपलं काय होणार हे उत्तरांवर ठरणार असं वाटलं की शक्यता वाढते. आयसीयूत खोटं पकडणारी वेगळी विधानं नाहीत. म्हणून मुलाने स्वतः भरलेल्या फॉर्मवर गुण कमी येणं हा ‘लक्षणं नाहीत’ याचा पुरावा नाही. तरी ही अडचण वाटते तेवढी मोठी नसते. ज्या मुलांना खरंच फिकीर नसते, त्यांच्यातली बरीच जण आपल्या बेफिकिरीबद्दल मोकळेपणाने लिहितात, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नाही.

प्रश्न : माझा मुलगा स्वमग्न आहे. शाळेने भरलेल्या फॉर्ममध्ये गुण खूप आले. (ठाणे)

स्वमग्न मुलांत भावना चेहऱ्यावर कमी दिसतात आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज येणं अवघड असतं. सीयू लक्षणांत साधारण उलटं असतं: समोरच्याला काय वाटतंय ते कळतं, पण त्याने आत काही हलत नाही. कुणीतरी रडतंय आणि त्याचं कारण सोप्या शब्दांत समजावलं, तर तुमचा मुलगा काय करतो? पाणी आणून देतो, आपलं खेळणं पुढे करतो, स्वतः अस्वस्थ होतो, तर शाळेला हे लेखी कळवा आणि त्याचं निदान लक्षात घेऊन मूल्यमापन पुन्हा करायला सांगा. दोन्ही एकत्र असणंही शक्य असतं, पण ते शाळेने ठरवायचं नसतं.

प्रश्न : बालगृहात काम करते. १४ वर्षांची मुलगी दोन महिन्यांपूर्वी आली. कुणी रडलं तरी बघत नाही, लहान मुलींना चिमटे काढते, पकडल्यावर चेहरा कोरा. आयसीयूत ४६ आले. (कोल्हापूर)

या प्रश्नावर सर्वांत जास्त थांबायला हवं, कारण इथे आकडा बरोबर असूनही त्याचा अर्थ चुकीचा लागू शकतो.

सारखेच गुण दोन अगदी वेगळ्या वाटांनी येतात, हे आता बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. एका गटातल्या मुलांना भीती आणि चिंता मुळातच कमी वाटते. दुसऱ्या गटातली मुलं चिंतेने भरलेली असतात. बहुतेकांच्या मागे मारहाण, अत्याचार, दुर्लक्ष किंवा सतत बदलणारी घरं असतात, आणि भावना बंद करणं हा त्यांनी जगण्यासाठी शोधलेला उपाय असतो. आयसीयू या दोघांत फरक करत नाही. तो फरक तुम्हाला दुसऱ्या साधनांनी करावा लागतो.

म्हणून ४६ हा एकटा आकडा फाइलला लावू नका. सोबत तीन गोष्टी हव्यात. एक, चिंतेचं मोजमाप. दोन, आघाताच्या लक्षणांची तज्ज्ञाने केलेली तपासणी: दचकणं, दुःस्वप्नं, ठरावीक माणसं किंवा जागा टाळणं. तीन, झोपेची नोंद, जी रात्रपाळीच्या ताई आठवडाभर सहज ठेवू शकतात. रात्री दार बंद आहे का हे तीनदा तपासणारी, दिवे घालवू न देणारी मुलगी दिवसा कोऱ्या चेहऱ्याने वावरत असेल, तर तो कोरेपणा भीतीचा असण्याची शक्यता मोठी आहे.

दुसरी अडचण काळाची. शेरा लावायला १२ महिने आणि एकाहून जास्त ठिकाणं लागतात. तुम्ही तिला दोन महिने ओळखता, तेही एकाच जागी, तिच्या आयुष्यातल्या सर्वांत कठीण काळात. आधीची शाळा, नातेवाईक, बालकल्याण समितीची कागदपत्रं यांतून मागचं वर्ष जुळवायचा प्रयत्न करा. जुळलं नाही तर ‘माहिती अपुरी’ असं लिहा. तो प्रामाणिक निष्कर्ष आहे. चिमटे मात्र आजच थांबवायला हवेत. लहान मुलींची झोपायची जागा वेगळी करा आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी एकच ठरलेली व्यक्ती नेमा.

मुलाखतीत लैंगिक अत्याचाराबद्दल काही निघालं, तर पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन सुरुवातीला देऊ नका. काय सांगावं लागेल हे तिला आधीच सांगा.

प्रश्न : आमच्या शाळेत आठवी-नववीच्या सगळ्या मुलांना आयसीयू द्यावी असा प्रस्ताव आहे. (छत्रपती संभाजीनगर)

करू नये. हिशेब मांडून बघा. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेले आहेत. ५०० मुलं, त्यात खरंच तीव्र लक्षणं असलेली २ टक्के, म्हणजे १०. चाचणी चांगली आहे असं धरा: १० पैकी ८ पकडते आणि लक्षणं नसलेल्या शंभरातल्या ९० जणांना बरोबर सोडते. उरलेल्या ४९० पैकी १० टक्के, म्हणजे ४९ मुलांवर चुकून बोट ठेवलं जाईल. तुमच्या यादीत ५७ नावं, त्यातली ४९ चुकीची. ही यादी शिक्षकांच्या खोलीत पोचली की पुसली जात नाही. पालकांची लेखी संमती, मुलाची स्वतःची तयारी, नंतर ५७ मुलांची मुलाखत घेऊ शकेल असा तज्ज्ञ आणि उपचाराची सोय, यातलं काय शाळेकडे आहे? वर्तनाची गंभीर तक्रार असलेल्या मुलापासून सुरुवात करा, वर्गापासून नको.

प्रश्न : मेंदूच्या स्कॅनमधून हे कळत नाही का?

एकट्या मुलाबद्दल नाही. घाबरलेला चेहरा पाहताना सीयू लक्षणं जास्त असलेल्या मुलांचा अमिग्डाला (मेंदूतला भीतीशी जोडलेला भाग) कमी प्रतिसाद देतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण ती गटांची सरासरी आहे. स्कॅनसाठी पैसे खर्च करू नका.

प्रश्न : बाल न्याय मंडळासमोर १७ वर्षांच्या मुलाचा प्राथमिक मूल्यांकन अहवाल (खटला प्रौढासारखा चालवायचा का, हे ठरवण्याआधीचा) द्यायचा आहे. आयसीयूचा गुण जोडावा का? (सामाजिक कार्यकर्ते, मुंबई)

आमच्या मते जोडू नये. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम १५ काय विचारतं ते पुन्हा वाचा. १६ वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर ते कृत्य करण्याची त्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा घडला ती परिस्थिती. आयसीयू यातलं काहीच मोजत नाही. पश्चात्ताप दिसत नाही म्हणजे परिणाम समजत होते, अशी उडी मारणं सोपं असतं आणि चुकीचं असतं. कुवत मोजायची तर बुद्धी, भाषा आणि निर्णयक्षमता यांची तपासणी लागते. शिवाय कलमातच स्पष्ट केलं आहे की हे मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे. कोडगेपणाचा आकडा फाइलमध्ये गेला की मुलाने गुन्हा केलाच, असं वाचणारा न कळत धरून चालतो. ताब्यात असलेला, भेदरलेला, वकिलाने ‘जास्त बोलू नकोस’ सांगितलेला मुलगा भावना न दाखवण्याच्या विधानांवर काय खुणा करेल, हेही लक्षात घ्या.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये याच कलमाबद्दल निकाल देताना हे काम नाजूक असल्याचं म्हटलं आणि मानसशास्त्राच्या तज्ज्ञांची मदत घेण्यावर भर दिला. पुनर्वसनाची योजना आखताना, पुढच्या टप्प्यावर, सीयूचं मूल्यमापन उपयोगी पडू शकतं. तिथे ते मुलाच्या कामाचं असतं.

प्रश्न : प्रश्नावलीचं मराठी भाषांतर मी स्वतः करून वापरू का? (पीएच.डी. विद्यार्थिनी, पणजी)

आधी लेखकाची परवानगी. मग दोन जणांनी स्वतंत्र केलेलं भाषांतर, त्याचं मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट भाषांतर, मग दहा-पंधरा मुलांसमोर एकेक विधान वाचून ‘तुला यातून काय कळलं?’ असं विचारणं. सगळ्यात जास्त घोळ नकारार्थी विधानांत होतो. ‘मी भावना दाखवत नाही’ याला ‘अजिबात खरं नाही’ म्हणायचं म्हणजे काय, यावर सहावीतलं मूल अडखळतं आणि अंदाजाने खूण करतं. अशा विधानांवर भाषांतरात सर्वांत जास्त वेळ द्या. गोव्यात नमुना घेणार असाल तर घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलांची उत्तरं वेगळी तपासा. नंतर विश्वासार्हता (पुन्हा मोजलं तरी गुण किती जुळतात) आणि घटक-विश्लेषण (कोणती विधानं एकत्र जातात) तपासा. तोवर त्या गुणावरून कुठल्याही एका मुलाबद्दल निर्णय नाही.

प्रश्न : मोजलं, तज्ज्ञांनी शेराही लावला. मुलगा ७ वर्षांचा. नातेवाईक म्हणतात, हे रक्तातच असतं. पुढे काय? (वडील, जळगाव)

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे खरं. इंग्लंड-वेल्समधल्या सात वर्षांच्या जुळ्यांवरच्या २००५ च्या अभ्यासातही तेच दिसलं. पण वाटा असणं म्हणजे बदल न होणं नव्हे, आणि सात हे वय फार चांगलं आहे.

मोजण्याचा खरा उपयोग इथे आहे, कारण त्यावरून पद्धत बदलते. ऑस्ट्रेलियात ४ ते ८ वर्षांच्या मुलग्यांवर झालेल्या २००५ च्या अभ्यासात पालकांना शिकवलेली बक्षिसाची पद्धत सीयू लक्षणं असलेल्या मुलांतही चालली, ‘टाइम-आउट’ची शिक्षा मात्र त्यांच्यावर कमी चालली. शिक्षेने त्यांना फारसं काही होत नाही, त्यामुळे घरात शिक्षा वाढत जाते आणि मूल आणखी दगडासारखं होतं. म्हणून चांगलं वागणं दिसल्याच्या पाच-दहा सेकंदांत, नेमक्या शब्दांत कौतुक करा: ‘बहिणीला आधी घेऊ दिलंस, आवडलं मला.’ बक्षिसं छोटी आणि रोजची हवीत, आठवड्याच्या शेवटची सायकल नको. एका वेळी दोनच वागणुकी निवडा. शिक्षा लागलीच तर लहान, ठरलेली आणि आवाज न चढवता. बोलताना त्याच्या उंचीला येऊन डोळ्यांत बघा, गालावर हात ठेवा. या मुलांची नजर समोरच्याच्या डोळ्यांकडे कमी जाते. डोळ्यांकडे बघायला सांगितलं की भीतीचे भाव ओळखणं सुधारतं, असं प्रयोगांत दिसलं आहे.

पुन्हा मोजायचं ते सहा महिन्यांनी, त्याच माणसाने, त्याच आवृत्तीवर. उदाहरणार्थ, आईने आधी ४१ दिले होते आणि आता ३६ आले, तर आनंदाने पेढे वाटू नका. समजा त्या प्रश्नावलीचं प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेले असतात त्याचं माप) ८ आणि विश्वासार्हता ०.८० आहे. मग मापनातली चूक साधारण ३.६ गुणांची येते आणि दोन मापनांतला जवळजवळ १० गुणांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. ४१ चे २९ झाले तर ती सुधारणा. पाचाच्या फरकावर उपचार थांबवणं जितकं घातक, तितकंच पाचाने वाढले म्हणून मुलाला सोडून देणं. आकड्यांसोबत घरातली वही चालू ठेवा: आठवड्यात किती वेळा मुद्दाम इजा केली, किती वेळा न सांगता मदत केली. शिक्षिकेलाही याच दोन मोजण्या करायला सांगा, म्हणजे घरातला बदल शाळेत पोचला की नाही ते कळेल.